आठ सेकंदांचं वाक्य

(भाताच्या पातेल्याचं झाकण खडखडलं.)

लुर्देस : रोवेलिन, भात उतू जातोय.

रोवेलिन : हं? हो. बारीक करते.

लुर्देस : मघापासून एक प्रश्न विचारून बसलेय मी. उद्या येतेस की नाही, एवढंच सांग.

रोवेलिन : मॅम, तुम्ही दोन तास बसमध्ये बसून आलात. आधी जेवून घ्या. सुकी मासळी तळलीय, शेवग्याच्या पाल्याचा रस्सा आहे.

लुर्देस : जेवते ना. पण तू विषय बदलू नकोस. उद्या तीन वाजता माझ्या वर्गात नवी तुकडी बसणार. बारा जण. सगळे पहिल्या दिवशीच्या तुझ्यासारखेच. संशोधन उत्तम, पण लोकांपुढे उभं केलं की जीभ टाळूला चिकटते. आठवडाभर त्यांना कळवतेय, रोवेलिन येईल, साठ सेकंदांच्या व्हिडिओला पहिलं बक्षीस मिळवलेली.

रोवेलिन : व्हिडिओ न दाखवता येऊ का?

लुर्देस : मग काय दाखवणार?

रोवेलिन : तक्ते. कुठल्या महिन्यात पाण्यात किती विषारी शेवाळ होतं, त्याचे.

लुर्देस : तुझे तक्ते बघून पहिल्या दिवशी मागच्या बाकावरचा झोपला होता, आठवतंय? आणि तुझं ते ‘बहुतेक’. बहुतेक असं दिसतं, काही अंशी असं म्हणता येईल. तू ‘बहुतेक’ म्हणालीस की मी ग्लासवर चमचा वाजवायचे.

रोवेलिन : एकवीस वेळा वाजवलात. मी मोजलं होतं.

लुर्देस : आणि शेवटच्या दिवशी एकदाही नाही.

रोवेलिन : हो. शेवटच्या दिवशी मला कसलीच शंका उरली नव्हती.

लुर्देस : हा टोमणा आहे का?

रोवेलिन : नाही मॅम. खरं तेच सांगतेय.

लुर्देस : तुझं काय बिनसलंय ते तरी कळू दे. बक्षीस हातात घेतलंस आणि फोन आला म्हणून तशीच पळालीस. आठ दिवस माझा फोन उचलत नाहीस. मला वाटलं पोरगी आजारी आहे. ती तर बाहेर पायरीवर करवंट्या मांडून खेळतेय. आणि भर दुपारी ही खिडकी का लावून घेतलीय? जीव घुसमटतो इथं.

रोवेलिन : समोरचं घर दिसतं.

लुर्देस : मग?

रोवेलिन : उद्या तीनलाच तिथं नवव्या दिवसाची प्रार्थना आहे. लोला पुरिंगची.

लुर्देस : कोण लोला पुरिंग?

रोवेलिन : शेजारीण. मी सरकारी प्रयोगशाळेत कामावर असले की मिकमिकला तीच सांभाळायची. मिकमिक लोला म्हणायची, आजी म्हणून, मग मीही तेच म्हणायला लागले. तुम्ही पाहिलंय तिला. व्हिडिओत माझ्या मागे पातेलं ढवळतेय ना, तो हात.

लुर्देस : अगं बाई. ती गेली? ती जाड बांगडीवाली बाई?

रोवेलिन : तीच.

लुर्देस : मला शिंपले खाऊन कुणीतरी गेल्याचं कळलं होतं. रेडिओवर नाव नव्हतं.

रोवेलिन : नाव होतं. पुरिफिकासिओन. पण त्या नावानं तिला कोण ओळखणार.

लुर्देस : पण रोवेलिन, त्या विषारी शेवाळामुळे बंदी होती. महिनाभर फलक लागलेत किनाऱ्यावर. तू तर व्हिडिओत पहिल्याच वाक्यात सांगितलंस, उपसागरातले हिरवे शिंपले सध्या खाऊ नका. याहून स्पष्ट काय सांगायचं माणसानं? नाही ऐकलं कुणी तर तुझा काय दोष?

रोवेलिन : ऐकलं तिनं. माझंच ऐकलं.

लुर्देस : म्हणजे?

रोवेलिन : तुम्ही आम्हाला घरचा अभ्यास दिला होतात. शेवटचं वाक्य असं घोटा, की झोपेतून उठवलं तरी तोंडातून यायला हवं.

लुर्देस : सगळ्यांनाच देते. शेवटचं वाक्य लोकांच्या डोक्यात राहतं.

रोवेलिन : ते मी इथं घोटलं. या ओट्याशी. भांडी घासताना, मिकमिकची वेणी घालताना. आधीची सात वाक्यं मला येत होती, ती कशाला म्हणू? फक्त शेवटचं. ‘नीट धुवा, नीट शिजवा, निर्धास्त जेवा.’ दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. आणि लोला पुरिंग तिथं, त्या स्टुलावर बसलेली.

लुर्देस : ते वाक्य माशांबद्दल होतं. मासे, खेकडे, कोळंबी.

रोवेलिन : तुम्हाला माहितीय. मला माहितीय. आधीच्या वाक्यात होतं ते. तिनं आधीचं वाक्य ऐकलंच नाही. शेवटचं मात्र पाठ झालं होतं तिला. मी ‘नीट धुवा’ म्हटलं की ती पुढचं म्हणायची. माळ ओढताना प्रार्थना म्हणतात ना, एकीनं अर्धं, दुसरीनं अर्धं, तसं. मिकमिक दोघींच्या मधे टाळ्या वाजवायची.

लुर्देस : पण मग व्हिडिओ? तो तर पाहिला असेल तिनं.

रोवेलिन : शंभर वेळा. फोन आपल्या म्हाताऱ्या हातात धरायची आणि स्वतःचा हात बघायची. आवाज बंद. फोनवाला आवाज तिला आवडायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, हा बघ माझा हात, सरकारी कामात आहे.

लुर्देस : तू पाणी दे मला थोडं.

रोवेलिन : घ्या.

लुर्देस : आणि शिंपले आले कुठून?

रोवेलिन : तिच्या जावयाच्या बांबूच्या तराफ्यावर लागलेले. बंदीमुळे लटकून लटकून मोठे झालेले. पाणी अगदी निळं होतं त्या दिवशी, शेवाळाच्या तांबडेपणाचा मागमूस नाही. तिनं बालदीभर काढून आणले. जावई म्हणाला, नको. ती म्हणाली, रोवेलिन सांगते धुऊन शिजवलं की झालं, ती शिकलेली आहे का तू?

लुर्देस : असं म्हणाली?

रोवेलिन : नेनितानं सांगितलं मला, तिच्या मुलीनं. दवाखान्यात. अगदी सहज सांगितलं. लोलाचे ओठ बधिर झाले होते, बोटांना मुंग्या, तरी बोलत होती. डॉक्टरला म्हणत होती, तीनदा धुतले हो मी, आणि व्हिनेगर घालून चांगले उकळले. जणू डॉक्टर तिला रागावणार होता. मग श्वास घेता येईना. मी पोचले तेव्हा चादर ओढत होते.

लुर्देस : ती दुपार…

रोवेलिन : हो. मी तुमच्याकडे व्यासपीठावर होते. मिकमिक तिच्याकडे.

लुर्देस : मिकमिक तिथं होती?

रोवेलिन : तिलाही वाढलं होतं. तिला शिंपल्यांचा वास आवडत नाही. तोंड वाकडं केलं, म्हणून लोलानं अंडं तळून दिलं. मॅम, माझी पोरगी हट्टी आहे म्हणून मी तिला रोज ओरडते.

लुर्देस : बस तू. उभी का आहेस? बस इथं.

रोवेलिन : नको. उभी बरी आहे.

लुर्देस : मला एक सांग. तुझ्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं.

रोवेलिन : होतं.

लुर्देस : ‘शिंपल्यातलं हे विष धुऊन जात नाही, उकळूनही जात नाही.’

रोवेलिन : पाठ आहे तुम्हाला.

लुर्देस : खोडलेली वाक्यंच लक्षात राहतात माझ्या. आठ सेकंद लागायचे त्याला. अडुसष्ट होत होते तुझे. मी म्हटलं, खाऊ नका असं आधी सांगून झालंय, परत कशाला भीती घालायची, शेवट आशेचा असू दे.

रोवेलिन : मीही हो म्हटलं.

लुर्देस : तू ‘नाही’ म्हणाली होतीस. एकदा. हळूच. मी चमचा वाजवला.

रोवेलिन : ते मी विसरले होते.

लुर्देस : मी नाही.

रोवेलिन : रस्सा गार होतोय.

लुर्देस : राहू दे. नेनिताला हे सांगितलंस?

रोवेलिन : काय सांगू? तिचा माझ्यावर राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. रोज प्रार्थनेनंतर केळीच्या पानात बांधलेला चिकट भात पाठवते. वर निरोप, रोवेलिनला म्हणावं रडत बसू नकोस, आईचा जीव होता तुझ्यावर. आठ दिवस मी समोर गेले नाही. मिकमिक भात घेऊन येते. मी कोंबड्यांना घालते.

लुर्देस : व्हिडिओ काढून टाकू या. आजच. बक्षिसाचं मी बघते.

रोवेलिन : मीही तेच करणार होते. परवा नेनिताचा निरोप आला, तो व्हिडिओ दे. आईचा एकही हलता फोटो नाही घरात. नवव्या दिवशी भिंतीवर चादर लावून सगळ्यांना दाखवायचाय. तीनला. आणि तुम्ही म्हणता, तीनला पडद्यावर दाखवायचाय.

लुर्देस : देवा.

रोवेलिन : त्यात आवाज असणार, मॅम. तीस-चाळीस माणसं असतील, सगळी तराफ्यांवरची. आणि मी भिंतीवरून हसत हसत सांगणार, निर्धास्त जेवा. तो शब्द तुमचा होता. मी ‘मग चालेल’ लिहिलं होतं.

लुर्देस : हो. माझा.

रोवेलिन : भांडत नाहीये मी.

लुर्देस : भांड. मी सोळा वर्षं हे शिकवतेय. सोळा वर्षं पोरांच्या वाक्यातलं ‘पण’ आणि ‘जर’ उपटतेय, तण उपटावं तसं. वाटायचं, पीक मोकळं होतंय. ऐक, आपण ते पुन्हा करू. ते आठ सेकंदांचं वाक्य घालून. अडुसष्ट तर अडुसष्ट. उद्या सकाळीच, याच ओट्याशी.

रोवेलिन : मागे कोण ढवळणार?

लुर्देस : चुकलं. चुकलं माझं.

रोवेलिन : त्या दिवशी पातेल्यात नुसतं पाणी होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, वाफ हवी, घर वाटलं पाहिजे. लोलाला हसू आवरेना. पाणी काय ढवळायचं म्हणे, पण ढवळलं. मधेच तिनं मला काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, लोला, आता बोलू नका, आवाज येतो. नंतर विचारा. नंतर तिनं विचारलं नाही, मीही नाही. काय विचारायचं होतं तिला, कुणास ठाऊक. मीठ कुठं आहे, असंही असेल.

लुर्देस : तसंच असेल.

रोवेलिन : बहुतेक.

लुर्देस : रोवेलिन, उद्या तू माझ्या बारा जणांकडे येऊ नकोस. त्यांना मी सांगेन. चमच्याचं, आठ सेकंदांचं, सगळं. तू समोरच्या घरी जा.

रोवेलिन : आणि तुमचा वर्ग? पैसे देणारे लोक येणार आहेत ना उद्या बघायला?

लुर्देस : येऊ देत. जून महिन्यात तुझी नेमणूक कायम व्हायचीय, त्याचा तू विचार केलास का? नेनिताला सांगितलंस तर गावभर होईल.

रोवेलिन : केला. आठ दिवस दुसरं काही केलंच नाही. मिकमिकचा बाबा जहाजावर, घर माझ्यावर. हे सगळं खरं आहे. पण उद्या जाऊन उपयोग नाही, मॅम. उद्या चादर लावलेली असेल. आज जायला हवं. आत्ता.

लुर्देस : मी येऊ?

रोवेलिन : दारापर्यंत या. काय म्हणू मी तिला? तुम्ही शिकवलंत, आधी एक निरोप निवडा. यातला कुठला निवडू? व्हिडिओ देते, पण आवाज काढून देते, हा? की तुझी आई माझं वाक्य म्हणत गेली, हा?

लुर्देस : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तू मला म्हणून दाखव. मी फक्त ऐकते.

रोवेलिन : नेनिता… लोलाला जे कळलं ते मी अर्धंच… म्हणजे बहुतेक माझ्यामुळेच, काही अंशी… चमचा वाजवू नका.

लुर्देस : नाही वाजवत. बाजूला ठेवलाय बघ. असंच म्हण. अडखळत म्हण.

रोवेलिन : तिनं दार लावून घेतलं तर?

लुर्देस : तर आपण पायरीवर बसू.

मिकमिक : नानाय, भूक लागली. ही मॅम कोण आहे?

रोवेलिन : ये गं, आईजवळ ये. माझ्या शिक्षिका आहेत. हात बघ कसे झालेत, मातीत खेळून. आता जेवू, पण आधी मी समोर नेनिताकडे जाऊन येते. तू मॅमजवळ… नाही, मॅमही येतायत. तू इथंच थांब, विस्तवाजवळ जाऊ नकोस.

मिकमिक : मीपण येते. मला नेनिताला एक सांगायचंय.

रोवेलिन : तू काय सांगणार आहेस?

मिकमिक : आधी तुला सांगते. रागावणार नाहीस ना?

रोवेलिन : नाही रागवत. इकडे ये, मांडीवर बस. बोल.

मिकमिक : लोला म्हणाली तीनदा धुतले. पण तिची कंबर दुखत होती ना, म्हणून धुतले मीच. ती बसून म्हणत होती, नीट धुवा, नीट धुवा. मी मोठ्या बालदीत घातले, हातानं चोळले. एक, दोन, तीन. तिसऱ्यांदा पाणी थोडंच उरलं होतं.

रोवेलिन : मिकमिक…

मिकमिक : नानाय, मी नीट धुतले नव्हते का?