केवलरामची चौकशी

नाई नाई, बसा जी, बसा — दुर्गची मोटर यायले टाइम आहे अजून. पानी पेता? तर केवलरामचं विचारून राहिले तुमी. केवलराम कंडक्टर. हाव, ओळखते ना — जामुल-दुर्गच्या मोटरवर तोच असते. तुमसरकडून आले म्हनता, पोरीसाठी? सारे पाहुने इथंच उतरतात अन् मलेच विचारतात, चायवाली पंचफुला साऱ्याइले ओळखते म्हनून. आपल्याच समाजाचा आहे, दारू नाई, पत्ते नाई, एकटा राहते. हे सारं खरं आहे. पन पोरगी द्याची म्हनता तर पुढचंही ऐका — मी खोटं नाई बोलत, मले काय भेटते खोटं बोलून?

हा फुटपाथ पाहून राहिले ना? ही फरशी, हे कठडे, मोटर थांबते ते शेड? काहीच नव्हतं हो इथं. तवा लोखंडाच्या प्लांटचं बांधकाम जोरात — रात्रंदिवस ट्रक, डंपर, धुरळा नाई तर चिखल — अन् रस्त्याच्या कडेले नळाचे पाइप टाकाले खोदलेली नाली, मानूसभर खोल. चालनाऱ्यानं चालावं कुठून? कोनाच्या ध्यानातच नाई. माही शालू — लेक माही, एकुलती — तिचे दिवस भरले होते. जावई ड्युटीवर. सकाळीच कळा सुरू झाल्या, तशी मी तिले मोटरमंदी बसवलं, दुर्गच्या दवाखान्यात न्याले. अर्ध्या वाटेत पोरगी कन्हाले लागली. मागचा एक शेठ म्हने, सीट खराब होते, उतरव हिले. अन् केवलरामनं शिटी वाजवली. शिटी! "मावशी, उतरा, मालक मले काढून टाकते." मी पाया पडली हो त्याच्या — तो माह्याकडे पाहेच ना. दरवाजा उघडला अन् आमी रस्त्यावर. इथंच, तुमच्या समोर. तिले धरून चालून राहिली होती मी — एक ट्रक आला, अंगावरच आला, आमी बाजूले झालो — अन् बाजूच नव्हती. नाली होती.

लेकरू पोटातच गेलं. शालू संध्याकाळी.

नाई, राहू द्या, रडत नाई मी. रडनं तवाच सरलं. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी मी मोटरीपुढं जाऊन बसली, भर रस्त्यात. गयाबाई आली, सत्यशीला आली, मजुराइच्या कॅम्पातल्या साऱ्या बाया आल्या — मोटर बंद, ट्रक बंद! प्लांटचे साहेब आले, म्हने बाई, काय पाहिजे? मी म्हनलं, चालाले जागा पाहिजे, अन् मोटर थांबली पाहिजे. ते म्हने, चौकात थांबवू, तिथं सोईचं. मी म्हनलं, नाई, इथंच. कावून? अहो, कावून काय! त्यानं रोज इथं उतरावं म्हनून. हर खेपीले दरवाजा उघडावा अन् समोर मी दिसावी म्हनून. त्याच्यासाठीच तर टपरी टाकली — नाई तर मले काय चाय विकाची हौस होती?

अन् झालंही तसंच. मले पाहिलं का तोंड उतरते त्याचं. पहिल्या दिवशी तर उतरला अन् उभाच राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. एकदा घरी आला, उंबऱ्यावर डोकं ठेवलं — "मावशी, शिव्या द्या, मारा मले" — मी दार लावून घेतलं. एक शब्द नाई बोलली त्याच्याशी आजवर. मेला आता लोकाइले दाखवाले म्हाताऱ्या बायांचे हात धरून फुटपाथवर आनून सोडते. गेल्या थंडीत जुनवानीची एक पोटुशी बाई चढली, तिलेही कळा — तर साऱ्या पॅसेंजरले उतरवलं त्यानं, अन् मोटर थेट दवाखान्याच्या फाटकात! मालकानं घरी बसवलं होतं तवा, उपाशी फिरला महिनाभर. नाटकं सारी! पोट्टं रांगते म्हने तिचं आता. रांगू दे. माही शालू तर नाई ना आली?

गोंदियाचे पाहुने आले होते, त्याइले हेच सांगतलं — चाय अर्धी टाकून गेले. बालाघाटचेही गेले. असाच राहू दे त्याले. म्हातारा होऊ दे एकटाच, घरी गेल्यावर गिलासभर पानी द्याले कोनी नको. माह्या घरी कोन आहे?

तर आता तुमीच सांगा — देता पोरगी अशाले?

काय? — काय म्हनले? — यालेच देता? अहो, ऐकलं नाई का तुमी? शालू मेली म्हनलं मी, माही शालू — अन् तुमी त्या जुनवानीवालीचंच धरून बसले? ते कायले धरता? ते असंच निंघालं तोंडातून — ते नाई सांगून राहिली होती मी! ते सांगाचंच नव्हतं!

उठा. राहू द्या ती चाय, उठा तिथून. आली मोटर. जे बोलाचं ते त्याच्याशी बोला — माह्याकडे पाहू नका. उठा म्हनते ना!