वळणावरची सूज

बाबांच्या तपासणीच्या दिवशी ते आणि मी दवाखान्यात गप्प बसलो होतो. समोर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होती.

"डॉक्टर काय म्हणाले, सांग बघू," मुलगी म्हणाली.

"रक्तवाहिनी सरळ असते तिथे रक्त नीट वाहतं. वळणावर घुटमळतं, आणि तिथली भिंत सुजते."

"आणि उपाय?"

"चालायचं. रक्त वाहतं राहिलं की भिंत शांत राहते."

"मग उद्यापासून चालायचं."

"गुडघे कुरकुरतात गं."

"कुरकुरू देत. मी हात धरीन."

"तुझ्या बडबडीनं कान सुजतील त्याचं काय?"

दोघं हसली. मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला, की मी बाबांकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. संध्याकाळी दाराशी त्यांच्या चपला दिसल्या. मी तिथंच बसले आणि म्हणाले, "बाबा, चला ना. मी हात धरते."