धाकटीच्या निऱ्या

आमचं मूळ नरसीचं. वडील गावातल्या लहानशा देवळाचे पुजारी, मी हिंगोलीत कारकुनी केली, पण सकाळची पूजा धोतर नेसूनच, ती कधी सुटली नाही. धोतराचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यानंच मला पकडून दिलं.

सुमन, माझी पत्नी, मागच्या साली गेली. मूलबाळ नाही. घरच्या महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी, दोघींना साड्या तीच नेसवायची, मी नुसते मुखवटे पुसून द्यायचो. मागचं वर्ष दुखवट्यात गेलं. यंदा भाद्रपद जवळ आला तसे नातेवाईक म्हणाले, मुखवटे पुतण्याकडे देऊन टाका, घरात बाईमाणूस नाही तर महालक्ष्म्या उभ्या कोण करणार. मला ते सोसेना. तिच्यामागे तेवढंच राहिलं होतं घरात.

तिचा फोन मी बंद केला नव्हता. त्यात साड्या नेसवण्याचा बायकांचा एक ग्रुप होता, गावोगावच्या बायका, एकमेकींना कधी न भेटलेल्या, पुरुषांना मज्जाव. मी सुमनच्या नावानंच विचारलं, यंदा महालक्ष्म्यांना कोण कशा साड्या नेसवणार. लगेच उत्तरं, सुमनताई, इतके दिवस कुठं होत्या तुमी? काय सांगू तुम्हाला, लिहून टाकलं, तब्येत बरी नव्हती. रोज सकाळी फुलाचं चित्र टाकायचो, मोजकं बोलायचो, शेवटी एक हसरा चेहरा, ती टाकायची तसाच. खोटं आहे हे कळत होतं, पण तेवढे दिवस कुणीतरी तिला हाक मारत होतं.

एके दिवशी थोरलीला साडी नेसवून फोटो पाठवला. मग ग्रुप चालवणारी सेनगावची विमल, तिनं मला वेगळं लिहिलं, ह्या निऱ्या बाईच्या हातच्या न्हाईत, हे धोतर झालं, खरं सांगा तुमी कोण, अन् सुमनताईचा फोन तुमच्याकडं काहून?

माझं नाव सांगायचं म्हणजे ती गेल्याचं सांगायचं. सांगितलं. विमलनं मला ग्रुपमधून काढून टाकलं.

म्हटलं, बराबर आहे. मुखवटे कापडात गुंडाळायला घेतले तोच व्हिडिओ कॉल आला, विमल आणि शेजारी आणखी एक बाई. विमल म्हणाली, नियम म्हंजे नियम, काका, बाया तिथं मोकळ्या बोलतात, तुमाला ठेवता येत न्हाई. पण मला नेसवायला सुमनताईनंच शिकवलं व्हतं ह्या फोनवर. आता फोन समोर ठेवा अन् ते धोतर सोडा आधी. मी दचकलो. शेजारची हसून म्हणाली, तुमचं न्हाई वो, थोरलीचं!

थोरली त्यांनी सांगितली तशी झाली. धाकटी मी एकट्यानं नेसवली आणि हात पुन्हा आपल्या वळणावर गेला. सोडू का, विचारलं. विमल म्हणाली, राहू द्या काका, एक सुमनताईच्या पद्धतीची, एक तुमच्या हातची.

तर दोघी आज अशा उभ्या आहेत. उद्या त्यांचं जेवण, विमल एसटीनं येतेय, पुरण तीच वाटणार म्हणते. देव तिला सुखात ठेवो. धाकटीकडे पाहिलं की वाटतं, सुमन असती तर पोट धरून हसली असती, आणि मग मीही थोडा हसतो.