दोन पट्ट्यांच्या मधला सूर

(हॅनोव्हर. ऋचाच्या स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई कुंदा आणि वरच्या मजल्यावरच्या संगीतकार समीहाबाई. समीहाबाई जर्मन बोलतात. ऋचा दोघींचं एकमेकींना सांगते.)

कुंदा: सूर छाटलेत यांनी! तुमच्या त्या रेडिओवाल्यांनी दिवसाढवळ्या या बाईचे सूर छाटलेत, आणि तू मला चहा काय ओततेस?

ऋचा: आई, त्यांच्या रचनेची जुनी टेप साफ करून आधी ऐकायला पाठवलीय हो रेडिओनं. रविवारी समीहाबाई ऐंशीच्या होतायत, म्हणून लावणारेत.

कुंदा: साफ? बाईंनी काल स्वतःकडची टेप ऐकवली, त्यात गंधार पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधे होता. यांनी ओढून पट्टीवर बसवलाय. ओणवं उभं केल्यासारखा!

ऋचा: कॉम्प्युटरला बेसूर वाटला असेल.

समीहा: गेनाऊ, अगदी बरोबर! दमास्कसलाही तेच. तिथं ऑर्केस्ट्रासाठी लिहिणारी मी पहिली बाई. व्हायोलिनवाले पॅरिसला शिकून आलेले. म्हणत, हा लग्नातल्या वाजंत्र्यांचा सूर, आम्ही नाही वाजवणार.

कुंदा: मग?

समीहा: लग्नातले वाजंत्रीच आणून त्यांच्या शेजारी बसवले! इथं आल्यावर हे मधले सूर निघावेत म्हणून ट्रंपेटला एक जास्तीची कळ बसवून घेतली. पियानो मात्र हाकलला. मजेत गेलं गं आयुष्य, कुंदा. एका टेपसाठी कशाला भांडू? केक घे.

कुंदा: तिला विचार, तिच्यामागे लोक कुठली टेप ऐकतील? घरातली, की रेडिओवरची?

समीहा: ...रेडिओवरची.

कुंदा: मग केक राहू दे. ऋचा, लाव फोन.

ऋचा: आई, इथं असं एकदम नाही करत. आधी मेल, मग टर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ मिळणार...

कुंदा: दरबारी रागाचा गंधार पेटीत नसतोच. गाणं शिकताना मी तो पेटीवर दाबला, तर गुरुजींनी पेटीच कपाटात कोंडली होती. टर्मिन देऊन नव्हे!

ऋचा: बरं बाई, लावते... हॅलो? रविवारच्या कार्यक्रमाबद्दल बोलायचंय... नाही नाही, मूळ टेप बिघडलेली नव्हती... एक मिनिट. समीहाबाई, तुम्हीच गाऊन दाखवा.

समीहा: फोनवर? या घशानं?

कुंदा: मी षड्ज धरते. गा तू.

ऋचा: ...ऐकलंत? तर, ज्यांनी हे लिहिलं, त्याच गायल्या. चूक नाहीये ती, त्यांना हवा होता तोच सूर आहे. आता एवढंच सांगा, रविवारी कुठली टेप लावताय?