अळणी रविवार

तुम्ही भागीदारीचं विचारता म्हणून सांगते. रेल्वेची अख्खी वॅगन भरेल एवढी आमची केळी कधीच नसायची. म्हणून यांनी नशिराबादच्या नानांशी हातमिळवणी केली. दोघांचा माल एकाच वॅगनीत, थेट दिल्लीला. पण नाना म्हणजे बाजारातले जुने वैरी! घड कापून झाले होते. नाना मागे फिरले असते, तर सगळे जागेवर सडले असते.

त्या रविवारी नाना जेवायला आले. मी दोघांना वरण-बट्टी वाढली, तर नानांनी ताट बाजूला सारलं. आमच्याकडे ज्याच्या मनात दगा असतो, तो त्या घरचं मीठ खात नाही.

"नाना, काही चुकलं का?"

"नाही वहिनी. अळणी रविवार धरलाय. तुमच्या मालकांनी ऐनवेळी हात सोडू नये म्हणून."

मी आतून माझ्यासाठी झाकून ठेवलेली दूध-भाकरी आणली.

"घ्या, यात मीठ नाही. माझाही अळणी रविवारच आहे. तुमच्याच धास्तीनं."

नानांनी भाकरी मोडली, अर्धी यांच्या ताटात टाकली आणि म्हणाले, "खा लवकर भाऊ. वॅगन थांबायची नाही."