तक्रार कुणाकडं

त्र्याण्णव सालची गोष्ट. गंगाखेडच्या बसस्टँडवर राणीसावरगावच्या गाडीसाठी शाळेच्या सगुणाबाई रांगेत उभ्या होत्या. मागं दोन मजूर बाया बोलत होत्या.

"मालकाच्या कापसाला परदेशातल्या कंपनीनं बिनविषाचा म्हणून शिक्का देला म्हणं."

"बिनविषाचा? परवा फवारताना चक्कर यून मी पडले, त्योच कापूस?"

"मंग तक्रार कर की, बायनाबाई."

"कुणाकडं? त्याच्यासाठीच तर गोदामातून कंपनीचा ह्यो कागद आणलाय. बाई, जरा वाचता का?"

सगुणाबाईंनी इंग्रजी कागद उलगडला.

"मावशी, तक्रार मजुरांच्या प्रतिनिधीकडं करायची, असं लिहिलंय."

"कोन हाय त्यो?"

सगुणाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

"बायनाबाई मुंजाजी. राणीसावरगाव."

"मी?"

"खाली अंगठा आहे तुमचा."

"अगं मनकर्णा, मालकानं लुगडी वाटली तवा घेतला व्हता की गं!"

"पुढं लिहिलंय, शेतात कसलीच फवारणी होत नाही, असं प्रतिनिधीनं स्वतः सांगितलं."

गाडी लागली. रांग पुढं सरकली. बायनाबाई जागची हलली नाही.

"वाचा, बाई. मी आजून काय काय बोलले?"