निळ्या टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह

—नाही नाही मॅडम, ते पेन आधी खाली ठेवा. ‘व्हॉल्व्ह उघडा राहिला’ — असं कसं लिहिता? कुठला व्हॉल्व्ह? व्हॉल्व्ह काय एकाच जातीचा असतो? विमा कंपनीनं तुम्हाला बँगोरहून एवढ्या लांब धाडलं, ठीक आहे, पण ह्या कागद गिरणीत अडतीस वर्षं पाइप जोडतोय हा हॉलिस पेल्टिए, त्याचं जरा ऐका. रविवारी निळ्या रंगानं भरलेली टाकी कागदाच्या लगद्यात रिकामी झाली आणि सोमवारी पांढऱ्या कागदाचे चाळीस रोल निळेशार बाहेर पडले — हसा, हसा, मीही हसलो — पण त्यापायी आमच्या लॉरेन थिबोडोला घरी बसवलंय ना! टाकी तिनं भरली, शेवटची पाळी तिची, म्हणून खापर तिच्या डोक्यावर. तुमच्या कागदावर तिचं नाव आलं की नोकरी गेलीच. म्हणून म्हणतो, आधी समजून घ्या.

हा बघा, बॉल व्हॉल्व्ह. आत भोक पाडलेला गोळा. दांडा पाइपाच्या रेषेत, उघडा; आडवा, बंद. लांबून दिसतं. पण खाडकन बंद केलात तर आतलं पाणी असं आपटतं की भिंतीवरचं घड्याळ पडतं — पडलंय, फोरमनच्या डोक्यात, आवाज छान आला. हा बटरफ्लाय — आत नुसती चकती, हलका, स्वस्त, मोठ्या पाइपाला बरा, पण चकती कायम वाटेत उभी, आमचा लगदा तिला गुंडाळून बसतो. हा ग्लोब — धार कमी-जास्त करायची ना, मग हाच. पाण्याला आत वळणं घ्यावी लागतात, जोर जातो, पण सांगाल तेवढंच सोडतो. आणि हा नॉन-रिटर्न — ना चाक, ना दांडा, गेलेलं परत येऊ देत नाही, माझ्या सासूबाई अशाच — ते नका लिहू.

आणि हा गेट. माझा लाडका! आत पाचर, चाक फिरवलं की वर-खाली. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद — अर्धवट ठेवलात तर पाचर थरथरून झिजते. निळ्या टाकीखाली हाच आहे. लॉरेन मागेच म्हणाली होती, हॉलिस, तिथे बॉल बसव, दांडा दिसतो तरी. मी म्हटलं, मला शिकवू नकोस पोरी. गेट उघडा की बंद ते बघून कळत नाही, कबूल — पण हाताला कळतं! वडिलांनी शिकवलंय: पूर्ण उघडायचा, टेकला की पाव फेरा मागे घ्यायचा. का? टेकवूनच ठेवला तर पुढच्या माणसाला वाटतं चाक अडकलंय, आणि तो जोर लावून मोडतो. पाव फेरा ढिला असला की चाक दोन्हीकडे हलतं. आता कोण करतं हे? अख्ख्या गिरणीत एकटा मी! लॉरेन? ती करकचून टेकवते, शंभरदा ओरडलोय तिला. नुसत्या चाकावरून सांगेन मी, शेवटचा हात कुणाचा—

का थांबलात? लिहा की. काय? सोमवारी आल्या आल्या तुम्ही स्वतः ते चाक फिरवून पाहिलंत? आणखी उघडायला गेलात तर किती फिरलं? हातानं दाखवा. परत दाखवा.

पाव.

नाही, पण मी... रविवारी सकाळी टाकी मी धुतली, हो, रिकामी होती, धुवायला उघडला होता. मग जिलचा, माझ्या दोस्ताचा फोन आला — तळ्यावरचा बर्फ आठवडाभरात जाणार, बर्फाला भोक पाडून गळ टाकायचा हा शेवटचा रविवार, मासे लागतायत, ये. आणि मी — बंद केला असेन ना? अडतीस वर्षं करतोय, केलाच असेन... पाच ट्राउट मिळाले. त्यातले दोन लॉरेनकडे नेऊन दिले, घरी बसली म्हणून वाईट वाटलं. दारात उभी राहून म्हणाली, हॉलिस, टाकी तू धुतली होतीस, मग चाक काय बघायचं, म्हणून बघितलं नाही मी. मी म्हटलं, बघायला हवं होतंस. असं म्हणालो मी तिला. मासे हातात घेऊन.

लिहा. पेल्टिए. निवृत्तीला सात महिने राहिलेत, तेही लिहायचं तर लिहा. आणि उठा आता मॅडम. मला लॉरेनला फोन करायचाय, तो तुमच्यादेखत जमायचा नाही. जाताना दार ओढून घ्या.